यशवंतने सोडलेली जागा

"दादा, जरा पाय उचला."

मी खाली बघितलं. यशवंत गुरव पालथा पडला होता, आणि माझ्या बुटाच्या टाचेजवळ कॅमेरा लावून कशात तरी डोळा घालून बसला होता. पंधरा हजार फुटांची उंची. दोन पावलं टाकली की उभं राहून श्वास शोधावा लागत होता, आणि हा गडी पोटावर झोपलेला.

"काय आहे तिथं?"

"भेग."

"कसली भेग?"

"जमिनीची. बघा की, कशी सरळ निघालीय. पार त्या समोरच्या डोंगराच्या पायथ्याला जाऊन भिडतीय."

मी पाय उचलला. भेग होती खरी. वाळलेल्या मातीत बोटभर रुंद, आणि खरंच कुणीतरी दोरी धरून आखल्यासारखी समोरच्या तांबड्या डोंगरापर्यंत गेलेली. त्या भेगेवरून मी पाच मिनिटं चालत आलो होतो. मला ती दिसली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला तेवढं पुरेसं होतं.

आमचा वाटाड्या अंगरूप पुढे थांबून हसत होता. तिथल्याच एका गावचा, चाळिशीचा माणूस. "गुरुजी की आँख बहुत तेज है," तो मला म्हणाला.

"हाँ, बहुत तेज," मी म्हणालो. दोन दिवसांत यशवंत त्याचा 'गुरुजी' झाला होता आणि मी राहिलो होतो 'साहब'.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली, हिमाचलातल्या स्पितीची. हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं देवदार आणि धबधबे येतात, तसलं तिथं काही नाही. ते वाळवंट आहे, फक्त थंड. झाड नाही, गवत नाही, नुसते उघडेबोडके डोंगर. राखाडी, जांभळे, गंजाच्या रंगाचे. आम्ही चढत होतो त्या डोंगराला नाव होतं, अंगरूपनं ते दहा वेळा सांगितलं असेल, पण माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही.

आता मी कोण आणि यशवंत कोण, ते सांगतो. मी प्रभाकर तांबट. मिरजेत 'तांबट फोटो स्टुडिओ' माझा. तेव्हा माझं वय सेहेचाळीस. पंचवीस वर्षं मी मुंडावळ्या, बारशी आणि पासपोर्टचे फोटो काढले होते. "हनुवटी जरा खाली, हां, हसा" असं म्हणण्यात माझी जवानी गेली. सुट्टी मिळाली की मात्र मी कॅमेरा घेऊन डोंगर गाठायचो. एखाद दिवशी आपल्या डोंगरांच्या फोटोंचं पुस्तक निघावं, वर आपलं नाव असावं, एवढी एकच हाव मला होती. हाव म्हणजे हावच, त्याला दुसरा शब्द नाही.

यशवंत शाळेत चित्रकलेचा शिक्षक. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पाच वर्षांपूर्वी एक जुना कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, हा कसा धरायचा, तेवढं दाखवा." मी दाखवलं. नुसतं धरायला नाही, सगळं दाखवलं. उजेड मोजायचा कसा, रोल धुवायचा कसा, माझ्या अंधाऱ्या खोलीची किल्लीसुद्धा त्याला दिली. पोरगा गुणी होता, उलट शब्द न बोलणारा. मला बरं वाटायचं. शिष्य असावा तर असा, असं मी चारचौघांत सांगायचोही.

मग गावच्या प्रदर्शनात आमचे दोघांचे फोटो शेजारीशेजारी लागले, आणि माझ्या फोटोंपुढून लोक तोंडभर हसून पुढे सरकले, आणि त्याच्या फोटोंपुढे थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. हलेनात. पुढच्याच महिन्यात कुपवाडला एका लग्नाची सुपारी घेतली, तर नवरीचा बाप मला विचारतो, "तुमचे ते गुरवसर येणार का हो फोटोला?" मी म्हटलं, त्यांना शाळा असते. त्या दिवशी मी न जेवताच परत आलो.

बायकोनं, शालननं, बरोबर ओळखलं. "यशवंत भाऊजींचं नाव निघालं की तुमचं तोंड का हो एवढंसं होतं?"

"काही एवढंसं होत नाही," मी म्हणालो, आणि ताटावरून उठलो.

अशात पुण्याच्या रोहिणीताई ओगल्यांचं पत्र आलं. त्यांची छोटी प्रकाशनसंस्था होती. त्यांना या थंड वाळवंटावर फोटोंचं पुस्तक काढायचं होतं. प्रदर्शन बघून गेल्या होत्या, दोघांचीही कामं त्यांच्या मनात होती. पुण्याला बोलावून त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि दोघांच्या पुढ्यात रंगीत स्लाइडचे तीन-तीन रोल ठेवले.

"दोघं जा," त्या म्हणाल्या. "हे तीन रोल, यापेक्षा जास्त नाहीत. परत आल्यावर मी दोघांचे बघेन. पण आधीच सांगते, पुस्तकावर नाव एकाचंच लागणार. खिचडी मला चालत नाही."

यशवंत हसून म्हणाला, "दादांचंच लागू दे की ताई, मी आपला बरोबर जातो."

त्याचं ते म्हणणंही मला झोंबलं. जणू नाव त्याच्या खिशातलं, आणि तो मला काढून देतोय.

तर आम्ही त्या डोंगरावर चढत होतो. यशवंत वाटेत भेगा, खडे, अंगरूपच्या आईनं दिलेल्या सत्तूच्या पिशवीवर पडलेलं ऊन, असलं काय काय टिपत होता. मी माझे रोल जपून ठेवत होतो. मला वरच्या धारेवरून एकच मोठा फोटो हवा होता, सगळं खोरं एका दमात घेणारा. कव्हरचा फोटो. अंगरूप म्हणाला होता, सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास तिथं असा उजेड येतो की त्याचे वडील खाली उतरायचं सोडून बसून राहायचे.

चारच्या सुमाराला आम्ही धारेवर पोचलो. वारा असा की टोपी हातानं धरून ठेवावी लागत होती. सूर्य आमच्या पाठीमागे, आणि समोर, पार खाली, सगळं खोरं. पण आभाळ भरून आलं होतं, आणि खोऱ्यात धूळ उठली होती. सगळं मातकट. मी एका जागी तिपाई रोवली आणि बसलो. यशवंत इकडं तिकडं फिरत होता, वाकून बघत होता, परत येत होता. शेवटी माझ्यापासून पाच-सहा हातांवर, थोडं खाली, एका बसक्या खडकावर जाऊन तो बसला.

"तिथं काय बसलास?" मी म्हणालो. "वरून जास्त दिसतं."

"हो, दिसतं," तो म्हणाला, आणि तिथंच राहिला.

बसल्याबसल्या त्याचा दुसरा रोल संपला. त्यानं तो गुंडाळून काढला आणि तिसरा लावायला घेतला. हातमोजे काढले होते, बोटं पांढरी पडली होती, वाऱ्याकडं पाठ करून तो ती फुंकत होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मिरजेचे स्टुडिओवाले छत्तीस फोटोंच्या रोलात अडतीस बसवायचो. फिल्मचं टोक पलीकडच्या फिरकीत जेमतेम नखाएवढं अडकवायचं आणि झाकण लगेच लावून टाकायचं. दोन फोटोंची फिल्म वाचते. लग्नात त्या दोनांत वरातीतली मामी आणि रुसलेली आत्या बसते. पण त्यात धोका असा, की ते टोक कधी फिरकीतून सुटतं. मग कॅमेरा नेहमीसारखा आवाज करतो, वरचा आकडा पुढं सरकतो, सगळं झकास चाललंय असं वाटतं, आणि आत फिल्म जागची हलत नाही. एकही फोटो निघत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक बारकी चकती असते, तिच्यावर डोळा ठेवायचा. फोटो काढून फिल्म पुढं सरकवायचा लिव्हर ओढला की ती चकती फिरली पाहिजे. फिरली म्हणजे फिल्म सरकली.

ही काटकसर यशवंतला मीच शिकवली होती, आणि चकतीवर डोळा ठेवायलाही मीच.

त्यानं झाकण लावलं, लिव्हर ओढला, आणि तेवढ्यात पाठीमागं सूर्य ढगाखाली उतरला.

काय सांगू तुम्हाला. आमच्या खांद्यांवरून तो उजेड खोऱ्यात सांडला. समोरचे डोंगर तापवलेल्या तांब्याचे झाले, त्यांच्या घड्यांत जांभळ्या सावल्या बसल्या, खाली नदीच्या सात-आठ धारा चकचकीत झाल्या. धूळसुद्धा सोन्याची दिसायला लागली. अंगरूप टोपी काढून गप्प उभा राहिला.

मी फोटो काढायला लागलो. एक, दोन, तीन. पण मनात खुटखुटत होतं. काहीतरी कमी होतं. सगळं मोठं होतं, सगळं सुंदर होतं, आणि फोटोच्या मधोमध काहीच नव्हतं. मी मान वळवून यशवंतकडं बघितलं. तो शांतपणे बसून काढत होता. एक फोटो, लिव्हर, जरा थांबून दुसरा, लिव्हर. चेहऱ्यावर असं काही होतं की मला कळलं, याला सापडलंय. मला न दिसलेलं काहीतरी त्या खडकावरून दिसतंय.

आणि तेव्हा माझी नजर त्याच्या कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला गेली. त्यानं लिव्हर ओढला. चकती फिरली नाही.

मला वाटलं, मला नीट दिसलं नसेल. पुन्हा बघितलं. फोटो. लिव्हर. चकती जागच्या जागी.

थंडीनं फिल्म कडक झाली होती, नखाएवढं टोक सुटलं होतं. हाक मारायला मी तोंड उघडलं. 'यश' एवढं जिभेवर आलं होतं, खोटं सांगत नाही. पण मग माझ्या डोळ्यापुढं ते प्रदर्शन आलं, तो कुपवाडचा नवरीचा बाप आला, रोहिणीताईंच्या टेबलावरचे ते सहा रोल आले. मी तोंड मिटलं. म्हटलं, हा एक फोटो होऊ दे, मग सांगू.

तो झाला. मग पुढचा झाला. दहा सेकंदाला एक असे तो काढत होता, आणि मी प्रत्येक वेळी चकतीकडं बघत होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात काहीतरी थंडगार आणि गोड सरकत होतं. हो, गोड. आता लपवून काय करू? मला आनंद होत होता. इतकं सुंदर, आणि ह्याच्याकडं ते राहणार नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. यशवंत एकदम उठला.

"दादा," तो म्हणाला, "इकडं या. इथनं काढा."

"का? तुझे झाले?"

"माझे झाले. तुम्ही या. लवकर या, जाईल ते."

मी तिपाई उचलली आणि त्याच्या खडकावर गेलो. आणि मला दिसलं. माझ्या जागेवरून डोंगराचा एक खांदा मध्ये येत होता. इथून तो बाजूला झाला होता, आणि त्याच्यामागं, त्या सगळ्या जळक्या, कोरड्या, मैलोन्‌मैल ओसाड खोऱ्यात, हाताच्या तळव्याएवढं एक हिरवं शेत होतं. मटारचं. अंगरूपच्या गावचं. उजेडाचा एक पट्टा बरोबर त्याच्यावर.

मी बसलो आणि काढले. बारा काढले. माझी चकती फिरत होती, प्रत्येक वेळी मी बघून घेत होतो. यशवंत मागं उभा होता. मग सूर्य डोंगरामागं गेला आणि सगळं एका फुंकरीत राख झालं.

"मिळाला?" त्यानं विचारलं.

"मिळाला," मी म्हणालो.

मग त्यानं आपल्या कॅमेऱ्याची चकती बोटानं फिरवली. ती सैल फिरली. त्यानं झाकण उघडलं आणि मला दाखवलं. फिल्मचं टोक तसंच बाहेर लोंबत होतं.

"अडकलाच नव्हता, दादा."

"अरेरे!" मी ओरडलो. केवढ्यानं ओरडलो! डोक्याला हात लावला. "असं कसं झालं रे? मी शिकवलं होतं ना? लिव्हर ओढला की चकतीकडं बघायचं म्हणून? शंभरदा सांगितलं होतं ना तुला?"

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं तुम्ही."

बस. एवढंच. टोक पुन्हा अडकवून त्यानं झाकण लावलं, आणि अंगरूपच्या मागं उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरूप त्याला म्हणाला, "गुरुजी, आज फिर ले चलूँ ऊपर? आज भी आएगा उजाला." माझा घास तोंडात तसाच राहिला. यशवंतचा तिसरा रोल कोराच होता. तो वर गेला असता तर?

"नको," यशवंत मराठीतच म्हणाला, आणि मग हिंदीत, "नहीं अंगरूपभाई. अब मन नहीं है."

मी सुटकेचा श्वास सोडला, आणि लाज म्हणून वर म्हणालो, "जा की रे. मी थांबतो खाली."

"नको दादा," तो म्हणाला. तो रोल त्यानं अंगरूपच्या आईवर, तिच्या चुलीवर आणि मटार निवडणाऱ्या बायकांवर संपवला.

पुण्यात रोहिणीताईंनी आतून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर सगळ्या स्लाइड मांडल्या. यशवंतच्या स्लाइडवर त्या खूप वेळ वाकून होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता. भेगेच्या फोटोवर तर त्या दोनदा परत आल्या. मग माझ्या शेवटच्या बारांतला एक त्यांनी भिंगाखाली घेतला आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"हे पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं याच्याभोवती लागेल. प्रभाकरराव, ही जागा तुम्हाला सापडली कशी?"

यशवंत माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. "बघावं लागतं ताई," मी म्हणालो. "थांबावं लागतं."

पुस्तक निघालं. कव्हरवर तो फोटो, खाली माझं नाव. यशवंत प्रकाशनाला आला, पुढच्या रांगेत बसला, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर अंधाऱ्या खोलीची किल्ली एक दिवस शालनच्या हातात देऊन गेला. म्हणाला, शाळेचं काम वाढलंय. दिवाळीला फराळ घेऊन यायचा, माझ्या पाया पडायचा, मुलांची चौकशी करायचा. फोटोंवर मात्र आमच्यात एक शब्द झाला नाही. त्यानं डोंगरांचे फोटो काढणंच सोडून दिलं. मी शालनला सांगायचो, टिकत नाही असल्यांचं, हौस असते चार दिवसांची.

अशी सत्तावीस वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात रोहिणीताईंचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढतायत म्हणे, मोठ्या आकारात. "आणि प्रभाकरराव, यावेळी तुमची प्रस्तावना हवी. कव्हरच्या फोटोची गोष्ट लिहा. तो कसा मिळाला ते. लोक अजून विचारतात."

मी कागद घेऊन बसलो. चार दिवस बसलो. 'सप्टेंबर महिना होता' याच्या पुढं पेन सरकेना. पाचव्या दिवशी कागदाची घडी खिशात घातली आणि यशवंतच्या घरी गेलो. तो नुकताच शाळेतून निवृत्त झाला होता. अंगणात कुंड्यांत माती भरत बसला होता.

"या दादा," तो म्हणाला. "बसा. हात मातीचे आहेत, पाया नंतर पडतो."

"नको पडूस," मी म्हणालो. बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. "यशवंत, त्या दिवशी वरती तुझी चकती फिरत नव्हती. मला दिसलं होतं."

त्यानं कुंडीतली माती दाबली. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला दिसत होतं ते. पाचव्या फोटोला माझ्या अंगठ्याला लिव्हर हलका लागला. म्हटलं, गेलं वाटतं टोक. तुम्हाला सांगायला मान वळवली, तर तुम्ही माझ्या चकतीकडंच बघत होता."

मी पायरीवर बसलो. "मग थांबला का नाहीस? रोल नीट लावायचास. उजेड होता अजून."

"होता की. दोन मिनिटांचं काम होतं."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, दादा आता सांगतील. आता सांगतील. पुढचा फोटो काढायचो आणि तुमच्या हाकेची वाट बघायचो. समोर काय चाललंय तिकडं माझं लक्षच नव्हतं." त्यानं हातावरची माती झटकली. "एकतीस झाले. मग म्हटलं, जागाच देऊन बघू. आपण होऊन जागा दिली तर माणूस बोलेलच."

"शिव्या घालायच्यास मला," मी म्हणालो. "तिथंच धरायचं होतंस."

"राग आला होता. अजून आहे," तो म्हणाला. सरळ माझ्याकडं बघून म्हणाला. "फोटोचा नाही. फोटो दुसऱ्या दिवशीपण मिळाला असता. पण जाऊन काय करू? तुम्ही मला कॅमेरा धरायला शिकवलात, दादा. तुम्हीच असं केल्यावर मला त्या भिंगातून काही बघावंसं वाटेना."

मी खिशातला कागद काढला. "ताईंना या फोटोची गोष्ट हवीय. मी सगळं लिहितो, यशवंत. जागा तुझी होती ते लिहितो, मी गप्प बसलो ते लिहितो. एकही गोष्ट वगळत नाही."

"ते दुसरंही लिहिणार का?"

"दुसरं कुठलं?"

त्यानं कुंडी बाजूला सारली. "आठवत नाही तुम्हाला?"

"नाही."

"माझ्या जागेवर तुम्ही बसलात. मी मागं उभा राहिलो, म्हटलं, आता बोलतील. तुम्ही कॅमेऱ्यात बघितलं, आणि मागं न वळता मला म्हणालात, 'यशवंत, तुझी सावली येतीय माझ्या फोटोत. मागं सर.'"

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं.

"आणि मी सरलो," यशवंत म्हणाला.